सोसायटीतील कुत्री, शेजारचा पोपट आणि उसातला बिबट्या : प्राण्यांची बाजू मांडायची म्हणजे काय करायचे?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. पुण्याच्या पूर्वेकडील एका मोठ्या गृहसंकुलात तुम्ही राहता. आवारात अकरा भटकी कुत्री आहेत, त्यांना तुम्ही आणि आणखी दोन शेजारणी रोज रात्री खाणे घालता आणि त्यावरून सोसायटीत दोन तट पडले आहेत. खालच्या मजल्यावरील एका काकांनी पिंजऱ्यात पोपट ठेवला आहे, तो तुम्हाला पाहवत नाही. जुन्नर तालुक्यातील तुमच्या माहेरी बिबट्याच्या धास्तीने दिवेलागणीनंतर मुलांना अंगणात सोडत नाहीत आणि तिथे तुम्ही बिबट्याच्या बाजूने एक वाक्य बोललात, तर सख्ख्या भावाने ‘तू आपली पुण्याला जा’ असे ऐकवले. ‘प्राण्यांसाठी काही करायचे आहे, पण तोंड उघडले की भांडणच होते, नेमके काय करू?’ असे तुम्ही विचारले आहे.

मी पशुवैद्यक आहे. पहिली काही वर्षे तालुक्याच्या दवाखान्यात, नंतर कुत्र्यांच्या निर्बीजीकरण केंद्रात आणि बरीच वर्षे वन्यप्राण्यांच्या बचावकार्यात, असे माझे काम झाले आहे. प्राण्यांवर जीव टाकणारी माणसे या काळात मला शेकड्यांनी भेटली, त्यांच्यासाठी प्रत्यक्ष काही पदरात पाडून घेणारी मात्र मोजकीच. ज्यांना यश आले, त्यांनी आधी समोरच्या माणसाची अडचण नीट ऐकली आणि प्राण्याला जे हवे ते त्या अडचणीच्या उत्तरातच बसवले. कुत्र्यांना कंटाळलेल्या माणसाला ‘तुम्हाला दयामाया नाही’ असे म्हटल्याने आजवर एकाही कुत्र्याचे भले झालेले मी पाहिलेले नाही.

तुमचे तीन प्रश्न वरवर एकसारखे दिसले, तरी ते तसे नाहीत. कुत्रे माणसाच्या आधाराने जगते, म्हणून त्याच्यासाठी आपल्याला जवळ जावे लागते, हात लावावा लागतो, लस टोचावी लागते. बिबट्याच्या बाबतीत आपले बहुतेक काम त्याच्यापासून लांब राहण्याचे आणि इतरांना लांब ठेवण्याचे असते. पोपट या दोहोंच्या मधोमध सापडला आहे, तो जातीने वन्य आणि नशिबाने पाळीव. कायदेही त्याप्रमाणे वेगळे आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सर्वच प्राण्यांना लागू होतो, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा वन्य प्राण्यांपुरता आहे आणि तो पुष्कळ कडक आहे. अर्ज कोणाकडे द्यायचा, महापालिकेकडे, पोलिसांकडे की वनविभागाकडे, हे यावरून ठरते आणि निम्मे अर्ज चुकीच्या टेबलावर गेल्यामुळेच मरतात.

आता सोसायटीकडे येऊ. तुम्ही अकरा कुत्री म्हणता, पण त्यांत माद्या किती, नर किती, कानाला खाच असलेली किती, हे पत्रात नाही. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडलेली असते, ती लांबूनही दिसते. पहिल्याच आठवड्यात एक साधी शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक कुत्र्याला एक पान द्या. त्यावर त्याचा फोटो, रंग, नर की मादी, कानाची खाच, शेवटची रेबीजची लस कधी दिली आणि ते बहुतेक वेळ कोठे बसते, एवढे लिहा. ही नोंद पहाटे करावी, कारण दिवसा निम्मी कुत्री गाड्यांखाली असतात आणि मोजणी चुकते.

या वहीचे मोल मी एका सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाहिले आहे. तिथले एक निवृत्त गृहस्थ ‘सगळी कुत्री उचलून न्या’ असा ठराव घेऊन आले होते, कारण त्यांच्या नातवाच्या सायकलमागे दोनदा कुत्री लागली होती. खाणे घालणाऱ्या बाईंनी कायद्याचे कलम काढले नाही. वही उघडून त्यांनी विचारले, ‘काका, कोणते कुत्रे, कोणत्या फाटकाशी आणि किती वाजता?’ उत्तरे जुळवत गेल्यावर असे निघाले की सायकलमागे धावणारे दोनच नर होते, दोघांचेही निर्बीजीकरण झालेले नव्हते, जागा कचऱ्याच्या उघड्या पिंपांजवळची होती आणि रात्रपाळीचा रखवालदार तिथेच त्यांना डब्यातली उरलेली पोळी टाकत असे. पुढच्या महिन्यात पिंपांना झाकणे बसली, खाण्याची जागा जनरेटरच्या मागे हलली आणि ते दोन नर महापालिकेच्या गाडीतून जाऊन शस्त्रक्रिया होऊन परत आले. त्या गृहस्थांना कुत्री आजही आवडत नाहीत, आणि त्यांना ती आवडावीत अशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. पण निर्बीजीकरणाच्या अर्जावर सोसायटीच्या वतीने पहिली सही त्यांचीच होती.

खाण्याच्या जागेबाबत प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये सरळ तरतूद आहे. खाणे घालणारे आणि सोसायटी यांनी मिळून जागा व वेळ ठरवायची असते. ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, ये-जा करण्याच्या दारापासून दूर असावी लागते आणि खाणे घालणाऱ्याने ती स्वच्छ ठेवायची असते. एकमत झाले नाही तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलिसांचा प्रतिनिधी, प्राणीकल्याण संस्थेचा प्रतिनिधी, तक्रारदार आणि सोसायटीचा प्रतिनिधी अशा समितीपुढे वाद न्यायचा, असेही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशाने रस्त्यावर वाटेल तिथे खाणे घालण्यास मनाई केली आणि महापालिकांनी प्रभागवार जागा नेमून द्याव्यात असे सांगितले. त्याच आदेशाने निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी परत सोडण्याचे तत्त्व, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता, कायम ठेवले. मात्र ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाप्रमाणे शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री तिथेच परत सोडायची नाहीत. म्हणून तुमच्या संकुलाला लागून शाळा असेल, तर तिच्या फाटकाशी खाणे घालणे आजच थांबवा. या प्रकरणात आदेश बदलत आले आहेत, तेव्हा अर्ज लिहिताना त्या दिवशी लागू असलेला आदेश वाचूनच लिहा. जुन्या आदेशाचा कागद फडकवणाऱ्याची पत एका बैठकीत जाते.

‘उचलून लांब सोडून द्या’ ही मागणी तुमच्याकडेही आली असेल. तिला उत्तर भावनेचे देऊ नका, हिशेबाचे द्या. मोकळ्या झालेल्या जागेत अन्न आणि आडोसा तसाच राहतो, त्यामुळे शेजारच्या वस्तीतली नवी कुत्री तिथे येतात. ती ना लस टोचलेली असतात, ना निर्बीजीकरण झालेली, ना तुमच्या मुलांच्या ओळखीची. मादी वर्षाला साधारण दोनदा माजावर येते, गाभण राहिल्यापासून दोन महिन्यांत विते आणि एका वेतात चार-सहा पिल्ले होतात. म्हणून अकरांपैकी एकदोन माद्या जरी सुटल्या, तरी दोन वर्षांनी सभेत तोच वाद दुप्पट आवाजात होतो. लसीकरणाचेही तसेच आहे. गोव्यात २०१४ पासून गावोगाव जाळी घेऊन फिरणाऱ्या पथकांनी कुत्र्यांना रेबीजची लस सातत्याने टोचली, सुमारे ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोचणे हे उद्दिष्ट ठेवले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. तिथली कुत्री कोणी नाहीशी केली नव्हती. हे उदाहरण मी सभांत नेहमी देतो, कारण त्यात कुत्र्यांचे भले आणि माणसांचे भले वेगवेगळे काढून दाखवता येत नाही.

कुत्रे चावल्याची घटना तुमच्या आवारात झाली, तर सर्वांत आधी तुम्ही धावले पाहिजे. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे आणि लशीचे सर्व डोस पुरे होईपर्यंत पाठपुरावा करायचा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, म्हणून इथे ‘आमची कुत्री तशी नाहीत’ हे वाक्य उच्चारू नये. चावलेल्या मुलाच्या आईसोबत रिक्षात बसून जी व्यक्ती दवाखान्यात जाते, तिच्या वहीवर पुढे लोक विश्वास ठेवतात.

खाणे घालणे म्हणजे कल्याण, असा जो समज आहे त्याबद्दल थोडे कडू बोलतो. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून झालेला गोंधळ तुम्ही पाहिला असेल. दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा खरी होती आणि कबुतरांच्या विष्ठेने श्वसनाचे विकार बळावतात हा डॉक्टरांचा इशाराही खरा होता. दाण्यांनी कबुतरांची संख्या वाढते, कबुतरांची तब्येत सुधारतेच असे नाही. कुत्र्यांच्या बाबतीतही पारले बिस्किटांचा पुडा रिकामा करून घरी जाणे सोपे, सात महिन्यांची झालेली मादी पकडून शस्त्रक्रियेला पाठवणे अवघड. तुमच्या वेळाचा मोठा वाटा दुसऱ्या कामाला जाऊ द्या.

कोणी कुत्र्याला मारले, गरम पाणी टाकले किंवा विष घातले तर काय, हेही तुम्ही विचारले आहे. १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या आग्रहातून आला आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच होत्या. त्या काळी तो जगाच्या पुढचा कायदा होता. पण त्यातला दंड मात्र तिथेच गोठला. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये, आणि तीन वर्षांत पुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पन्नास रुपयांचा आज कोणालाच धाक वाटत नाही. म्हणून जीव घेतल्याचे किंवा जायबंदी केल्याचे प्रकरण असेल, तर तक्रारीत भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ आवर्जून लिहावे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत जनावराच्या किमतीवर शिक्षा ठरत असे, ती अट आता राहिलेली नाही, त्यामुळे ‘रस्त्यावरच्या कुत्र्याची किंमत काय’ हा ठाण्यातला जुना प्रश्न आता गैरलागू झाला आहे.

मात्र कलमापेक्षा पुरावा महत्त्वाचा असतो आणि लोक नेमके तिथे चुकतात. काही वर्षांपूर्वी एका वसाहतीत एका रात्रीत चार कुत्री मेली. मला फोन आला तोवर लोकांनी हळहळून, फुले वाहून चौघांनाही पुरून टाकले होते. पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, तोंडाशी पडलेले मटणाचे तुकडेही झाडून टाकलेले. संशयित कोण हे सर्वांना ठाऊक होते, हातात मात्र काहीच नव्हते आणि ठाण्यातल्या हवालदाराने तसे तोंडावर सांगितले, ते मला आवडले नाही तरी खोटे नव्हते. विषबाधेचा संशय आला की मृतदेह आणि खाण्याचे अवशेष जागेवर असतानाच फोटो काढावेत, पोलिसांना बोलावून पंचनामा करून घ्यावा, त्यांच्या पत्रासह शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदन करवावे आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातील अवयवांचे नमुने, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल हे पाहावे. मृतदेह थंड ठेवावा, पण बर्फासारखा गोठवू नये, कारण गोठलेल्या ऊतींचे परीक्षण बिघडते. तक्रार एक पानाची असावी, तिच्यात विशेषणे नसावीत. काय, कोठे, किती वाजता, कोणी पाहिले, एवढेच. ‘नराधम’ हा शब्द पहिल्या ओळीत आला की वाचणारा अधिकारी दुसरी ओळ वाचत नाही, हा माझा अनुभव आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. ठाण्यात दाद मिळाली नाही, तर जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती असते, तिच्याकडे त्याच शिक्क्याची प्रत जोडून जाता येते.

काकांच्या पोपटाचे प्रकरण तुलनेने लहान आहे, पण त्यात घाई केली तर पक्ष्याचाच जीव जातो. आपल्याकडचा हिरवा, लाल चोचीचा पोपट हा वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहे. तो पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात पाळणे, तिन्ही बेकायदा आहेत. बजरीगार किंवा लव्हबर्ड यांना हा कायदा असा लागू होत नाही, आणि आफ्रिकन ग्रेसारख्या काही परदेशी जातींची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते, तेव्हा पक्षी कोणता हे आधी पाहून घ्या. देशी पोपटच असेल तर काकांशी एकट्याने, चारचौघांत नव्हे, बोला. बहुतेकांना हा गुन्हा आहे हे ठाऊकच नसते, कारण त्यांच्या आजीच्या ओसरीवरही पिंजरा होता आणि पोपट ‘विठू विठू’ म्हणत होता. काकांनी स्वतः वनविभागाशी संपर्क साधून तो सुपूर्द करावा, हा मार्ग सर्वांत चांगला.

एक मात्र कृपा करून करू नका. काका बाहेर गेल्यावर पिंजऱ्याचे दार उघडू नका. माझ्याकडे असा एक पोपट आणला गेला होता. दहा वर्षे पेरू आणि भिजवलेली डाळ वाटीतून खाल्लेल्या त्या पक्ष्याच्या उड्डाणाच्या स्नायूंत ताकद उरली नव्हती. तो खिडकीतून शेजारच्या पत्र्यापर्यंत गेला आणि पंधरा मिनिटांत कावळ्यांनी त्याला टोचून काढले. टेबलावर ठेवला तेव्हाही तो घोगऱ्या आवाजात कोणाचे तरी नाव घेत होता. अशा पक्ष्याला मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव द्यावा लागतो, त्याच्या जातीच्या पक्ष्यांत ठेवावे लागते आणि तरीही काही पक्षी पुन्हा कधीच सोडण्याजोगे होत नाहीत.

बिबट्याकडे वळण्यापूर्वी दोन उदाहरणे देतो, कारण तुमच्या भावाशी बोलताना ती उपयोगी पडतील. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात आणि पूर्वी ती अंडी सर्रास काढून खाल्ली व विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे काम सुरू केले, भाऊ काटदरे यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. किनाऱ्यावरची घरटी कुंपणात हलवून राखायची, राखणीचे काम गावातल्याच माणसांना द्यायचे आणि पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरी करायची, असा तो क्रम होता. अंडी विकून मिळणाऱ्या पैशाची जागा पाहुण्यांच्या जेवणाच्या पैशाने घेतली. याच्या उलट नांदणीच्या जैन मठातील महादेवी हत्तिणीचे झाले. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती कोल्हापूर जिल्ह्यातून गुजरातेत जामनगरच्या वनतारा या प्राणी-केंद्रात गेली. हत्तिणीच्या पायांच्या आणि एकटेपणाच्या प्रश्नावर मांडलेले मुद्दे पशुवैद्यक म्हणून मला वजनदार वाटतात. पण तिला पिढीभर आपली मानणाऱ्या गावाला त्या निर्णयात कोठेच जागा नव्हती आणि हजारो लोक पायी कोल्हापूरला गेले. त्यानंतर कित्येक महिने त्या भागात प्राणीकल्याण हा शब्द काढायची सोय उरली नव्हती, असे तिथले माझे सहकारी सांगतात.

आता तुमच्या माहेरचा बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि पलीकडे अकोले-संगमनेर या पट्ट्यात कालव्यांबरोबर ऊस आला आणि उसाबरोबर बिबट्या वस्तीला आला. बारा महिने उभे असलेले पीक, गारवा, पाणी, रानडुक्कर आणि वस्तीवरची कुत्री-शेळ्या, यापलीकडे त्याला काही लागत नाही. आज तुमच्या भावाच्या शिवारात फिरणाऱ्या पुष्कळ बिबट्यांच्या आज्याही उसातच जन्मल्या असतील, हे विधान मी निम्मे गमतीने करतो, पण ‘हे जंगलातून चुकून आलेले जनावर आहे, त्याला जंगलात नेऊन सोडा’ हा समज किती जुना झाला आहे ते त्यातून कळते. २००१ नंतर जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडले गेले आणि त्यानंतर माणसांवरील हल्ले वाढले, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडले आहे. अनोळखी प्रदेशात सोडलेला बिबट्या घरची वाट धरतो, वाटेत माणसांच्या दाट वस्त्या लागतात आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा तरुण बिबट्या घेतो. त्यांनीच ठावठिकाणा कळवणारी कॉलर लावलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडल्यावर सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला होता. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही, हेही भावाला सांगा.

पण हे सांगण्याआधी गप्प बसून ऐका. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यात गेली. ज्या गावाने ते पाहिले आहे, त्या गावाला अन्नसाखळीतील बिबट्याचे स्थान समजावून सांगणे हा उद्धटपणा आहे. माणसावर वारंवार हल्ला करणारा बिबट्या हटवावाच लागतो आणि ते ठरवण्याचे अधिकार कायद्याने वनविभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना दिलेले आहेत. त्या निर्णयाला सरसकट विरोध करणारे लोक बिबट्यांचे नुकसान करतात, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यानंतर गावकरी पिंजऱ्याची वाट पाहत नाहीत, फास लावतात किंवा शेळीच्या कलेवरात कीटकनाशक घालतात.

बिबट्याच्या बाजूने तुम्ही गावात एकच मागणी करणार असाल, तर ती शेतीला दिवसा वीज देण्याची करा. वाचून आश्चर्य वाटेल, पण रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला बॅटरी घेऊन उसाच्या कडेने जाणारा शेतकरी आणि पाणी धरण्यासाठी बांधावर वाकलेला त्याचा मुलगा यांचा धोका त्याच एका गोष्टीने सर्वांत जास्त कमी होतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. दिवसा विजेसाठी ग्रामसभेचा ठराव, वीज कंपनीला अर्ज, त्याला आमदारांची शिफारस, या कामात तुमच्यासारखी लिहिता-वाचता येणारी, पुण्यात कार्यालये माहीत असलेली माहेरवाशीण फार उपयोगाची आहे. त्यानंतर शेळ्यांच्या गोठ्याला छतासकट जाळी, घराजवळची बांधावरची उसाची पहिली काही फूट जागा मोकळी, शौचालयाच्या वाटेवर दिवा, मेलेली कोंबडी-वासरू उघड्यावर न टाकणे, ही कामे येतात. जनावर मारले गेले तर कलेवर न हलवता लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा, भरपाईचा अर्ज त्यावरच उभा राहतो. तो कागद वेळेत भरून देणारा माणूस गावात असला की विषाची बाटली घरातच राहते, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

ऊसतोडीच्या काळाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे बिबट्याचे आणि माणसाचे दोघांचेही काम काही तासांत बिघडू शकते. मादी दाट उसात पिल्ले घालते. तोड सुरू झाली की शेवटच्या काही सऱ्यांत टोळीच्या कोयत्यापुढे दोन-तीन बछडे निघतात, मांजराच्या पिल्लाएवढे, डोळे अजून निळसर, पोटावरची लव मऊ. लोक जमतात, कोणी उचलतो, कोणी दूध पाजतो, मोबाइल पुढे येतात आणि एखादा उत्साही माणूस त्यांना गाडीत घालून तालुक्याला निघतो. नेमके त्याच वेळी आई शंभर-दोनशे पावलांवर दुसऱ्या फडात बसलेली असते. बछडे सापडले नाहीत, तर ती दोन-तीन रात्री तिथेच घिरट्या घालते आणि त्या रात्री टोळीच्या कोप्यांतली उघड्यावर झोपलेली मुले तिच्या वाटेत असतात.

योग्य पद्धत अशी आहे. तोड त्या भागापुरती थांबवायची, सगळ्यांना मागे घ्यायचे आणि वनविभागाला फोन करायचा. पथक हातमोजे घालून बछड्यांची तपासणी करते, त्यानंतर संध्याकाळी उजेड असतानाच ते बछडे भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये घालून, जिथे सापडले त्याच सरीत ठेवले जातात, समोर एक कॅमेरा बांधला जातो आणि माणसे लांब जातात. अशा एका संध्याकाळी आम्ही अर्ध्या किलोमीटरवर गाडीत बसलो होतो, उतरायचे नाही, बोलायचे नाही, विडी ओढायची नाही. साडेआठच्या सुमारास क्रेट पडल्याचा हलका आवाज आला. सकाळी कॅमेऱ्यात पाहिले तर पहिल्या चित्रात नुसते दोन चमकणारे डोळे, दुसऱ्यात क्रेटवर ठेवलेला पंजा, तिसऱ्यात मानेला धरून उचललेला एक बछडा. दुसऱ्यासाठी ती सव्वा तासाने परत आली होती. त्या शेतकऱ्याने ती चित्रे स्वतःच्या मोबाइलवर घेतली आणि दुपारपर्यंत ती आख्ख्या शिवारात फिरली. त्या हंगामात त्याच गावातून आम्हाला आणखी दोन फोन आले, दोन्ही वेळा बछड्यांना कोणी हातही लावला नव्हता.

तोड साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होते. त्याआधी एकदा माहेरी जा, भावाला सोबत घ्या, तुमच्या शिवारात येणाऱ्या टोळ्यांच्या मुकादमांची नावे विचारा आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आणि तुमच्या गावच्या वनरक्षकाचा क्रमांक तुमच्या हाताने साठवून द्या. मुकादमाला वाचता येत नसेल तर नावाच्या जागी बिबट्याचे चित्र टाका. सोसायटीच्या वहीचे पहिले पान मात्र उद्या पहाटेच लिहायला घ्या, त्याला नोव्हेंबरची वाट पाहण्याचे कारण नाही.